‘तोल जाऊन पडला’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

घट बसायच्या आधीची झाडलोट सुरू झाली, की आतल्या पानांवर चार ओळींची एक ठरावीक बातमी दिसू लागते. ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत अधूनमधून येत राहते. पंखा पुसताना, भिंत रंगवताना, गच्चीवरची टाकी धुताना किंवा आकाशकंदील टांगताना कोणीतरी शिडीवरून ‘तोल जाऊन’ पडलेले असते. पंचनाम्यात हेच शब्द असतात, दवाखान्याच्या केसपेपरवर हेच, आणि तिथून ते जसेच्या तसे छापले जातात. आमची हरकत या दोन शब्दांना आहे. तोल जाणे हे पडण्याचे कारण नव्हे, तो पडण्याचाच पहिला क्षण आहे. बहुतेक वेळा माणसाच्या आधी शिडी हललेली असते आणि ती का हलली हे फूटपट्टीने मोजता येते. ‘तोल गेला’ म्हटले, की सगळा ठपका वर चढलेल्या माणसावर जातो आणि शिडी दुसऱ्या दिवशी तशीच, त्याच जागी, दुसऱ्या कोणासाठी तरी उभी राहते.

आधी उंचीबद्दल. दहा फूट म्हणजे काहीच नाही, असे सर्रास म्हटले जाते. दहा फुटांवरून सुटलेला माणूस सुमारे पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या घरात असतो. सहा फुटांवरून पडला तरी तो वेग ताशी २१–२२ किलोमीटर भरतो. तेवढ्या वेळात काही पकडावे, अंग सावरावे म्हटले तरी जमत नाही. फार तर हात पुढे जातो आणि मनगट मोडते. उभ्याने पडला तर टाचेचे हाड मोडते आणि तोच धक्का वर चढून कंबरेच्या मणक्यात जातो. म्हणून टाच मोडलेल्या माणसाचा मणकाही डॉक्टर तपासतात. पाठीवर किंवा डोक्यावर पडला, तर सहा फूटही पुरतात.

आता शिडी का सरकते ते पाहू. भिंतीला टेकवलेल्या साध्या शिडीचा पाया बाहेरच्या बाजूला सरकू पाहतो आणि त्याला जमिनीचे घर्षण धरून ठेवते. माणूस जसजसा वर चढतो तसतसा हा बाहेरचा रेटा वाढत जातो. समजा, शिडी भिंतीला बारा फुटांवर टेकली आहे आणि पाया भिंतीपासून तीन फूट दूर आहे. ६५ किलोचा माणूस निम्म्यावर असताना पायाशी साधारण आठ किलोचा रेटा येतो, अगदी वरच्या टोकाला पोहोचल्यावर सोळा किलोचा. तीच शिडी जरा लांब घेऊन पाया सहा फुटांवर ठेवला, तर वर पोहोचल्यावर हाच रेटा बत्तीस किलोच्या आसपास जातो. (शिडीचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही.) खरबरीत शहाबादी फरशीवर हे निभावून जाते. साबणाचे पाणी सांडलेल्या चकचकीत लादीवर, शेवाळलेल्या अंगणात किंवा रंगाऱ्याने अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर निभावत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. दोन पायऱ्या चढून, हलवून पाहिली आणि पक्की वाटली, याला फारसा अर्थ नाही. खाली पक्की असलेली शिडी वर गेल्यावरच सरकते, आणि नेमकी तेव्हा, जेव्हा माणूस वर काम करायला हात लांबवतो.

म्हणून जगभर पाळला जाणारा हिशेब चारास एक असा आहे. शिडी जिथे टेकते तिथपर्यंतची उंची चार फूट असेल, तर पाया भिंतीपासून एक फूट दूर. आठला दोन, बाराला तीन, सोळाला चार. टेप नसेल तर पायऱ्या मोजाव्यात, दोन पायऱ्यांमधले अंतर साधारण फूटभर असते. तेही नको असेल तर शिडीच्या पायांना आपल्या पायांची बोटे लावून ताठ उभे राहावे आणि हात खांद्याच्या रेषेत समोर पसरावेत. तळवे समोरच्या पायरीला सहज टेकले, की कोन बरोबर आहे. टेकण्यासाठी पुढे वाकावे लागले तर शिडी फार पसरली आहे. हात कोपरात दुमडावे लागले तर ती फार उभी आहे आणि वर गेल्यावर पाठीमागे कलंडू शकते. अरुंद बोळात किंवा चाळीच्या गॅलरीत जागा नसते म्हणून शिडी उभीच लावली जाते आणि तिथले अपघात या दुसऱ्या प्रकारचे असतात. जागा नसेल तर तिथे टेकवायची शिडी चालत नाही, घडीची घ्यावी.

पाया नीट ठेवल्यावरही वरचे टोक मोकळे राहते. खाली एक जण धरून उभा आहे, या भरवशावर आपल्याकडे फार मोठी कामे होतात. खाली धरणारा पाया रोखू शकतो, पण वरचे टोक भिंतीवरून बाजूला घसरू लागले तर तो काहीही करू शकत नाही, उलट अंगावर येणाऱ्या माणसाखाली सापडतो. त्याचा खरा उपयोग पहिल्या चढाईपुरता: वर गेलेला माणूस शिडीचे टोक खिडकीच्या गजाला, कठड्याला किंवा भक्कम खुंटीला दोरीने बांधेपर्यंत खालच्याने पाया धरायचा. गच्चीवर किंवा छपरावर उतरायचे असेल तर शिडी कडेच्या वर किमान तीन फूट निघालेली हवी, म्हणजे पाय टाकताना हाताला धरायला काहीतरी राहते. शिडीवरून छपरावर आणि छपरावरून परत शिडीवर, या दोन पावलांमध्ये फार माणसे जातात. बांधलेली नसलेली शिडी त्याच क्षणी बाजूला ढकलली जाते. दोन भागांची सरकती शिडी असेल तर दोन्ही भाग एकमेकांवर किमान तीन फूट चढलेले हवेत. हाताला अजून जरा उंची हवी म्हणून हे तीन फूट दीडवर आणले जातात.

जमीन एकीकडे उतरती असेल तर एका पायाखाली वीट किंवा फरशीचा तुकडा सरकवण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. मातीत असाल तर उंच बाजूची माती खणून पाया खाली बसवावा, मऊ जमिनीवर दोन्ही पायांखाली एक सलग फळी घालावी. जिन्यात तर टेकवायची शिडी एक पाय वरच्या आणि एक पाय खालच्या पायरीवर ठेवून लावूच नये. सोसायटीच्या जिन्यातला दिवा बदलताना हे इतक्यांदा होते, की तिथे खालून दांड्याने बदलता येईल असा दिवा बसवून घेणेच स्वस्त पडेल.

घरातले बरेचसे पडणे मात्र घडीच्या शिडीवरून, म्हणजे रंगारी जिला घोडा म्हणतात तिच्यावरून, किंवा शिडी नसल्यामुळे होते. प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे राहून पंखा पुसणे हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार. ती खुर्ची बसण्यासाठी असते. कडेला एका पायावर भार आला, की तिचे पाय गुळगुळीत लादीवर बाहेर फाकतात आणि खुर्ची एका क्षणात बसते. टेबलावर स्टूल, त्यावर डबा, या रचनेबद्दल लिहायची गरज नाही.

घोडा घेतला तर तो पूर्ण उघडावा आणि मधली पट्टी कट्कन बसेपर्यंत खाली दाबावी. अर्धवट उघडलेला किंवा मिटवून भिंतीला टेकवलेला घोडा धोक्याचा असतो. त्याचे पाय उघडल्यावरच सपाट टेकतील असे तिरपे कापलेले असतात, मिटवल्यावर नुसती कड टेकते. सर्वांत वरची पाटी हत्यारे ठेवायला असते, उभे राहायला नसते, आणि बहुतेक घोड्यांत तिच्या खालचीही नसते. तिथे उभे राहिले की गुडघ्याला टेकायला काही उरत नाही. साडेआठ-नऊ फुटांवरचा पंखा पुसायला मध्यम उंचीच्या माणसाचे पाय साधारण तीन फुटांवर असले तरी पुरतात. तेव्हा तीन फुटांवर रुंद पाटी आणि तिच्या वर कमरेएवढी पकड असलेली घडीची शिडी घरासाठी पुरेशी आहे. ती कामाकडे तोंड करून ठेवावी. ड्रिल मशीनने भिंतीत भोक पाडताना घोडा आडवा लावला, की तुम्ही भिंतीला दिलेला जोर उलट तुम्हालाच ढकलतो, आणि तोही घोड्याच्या अरुंद बाजूने. बिट भोकात अडकून मशीनने हिसका दिला, की माणूस आणि घोडा दोन्ही आडवे.

बाजूला वाकण्याबाबत एकच खूण पुरे. बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. ती बाहेर गेली म्हणजे खाली उतरून शिडी सरकवायची वेळ झाली. उतरायचा कंटाळा हाच इथे खरा शत्रू आहे. भिंतीचा कोपरा फक्त फूटभर राहिलेला असतो, आणि तेवढ्या फुटासाठी हाडे मोडतात.

चढताना-उतरताना तोंड शिडीकडे, आणि दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम टेकलेले. हे जमायचे तर हात मोकळे हवेत. वीस लिटरची रंगाची बादली भरलेली असेल तर पंचवीस किलोच्या वर भरते, ती घेऊन शिडी चढायची नसते. छोट्या डब्यात रंग ओतून घ्यावा, तो आकड्याने पायरीला अडकवावा, हत्यारे कमरेच्या पट्ट्यात किंवा दोरीने वर ओढून घ्यावीत. शिडीवर लिहिलेले वजन, मग ते शंभर असो की दीडशे किलो, माणूस आणि सामान मिळून असते. पायात सपाता नकोत, घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट बरे. साडी किंवा लुंगी वर खोचून घ्यावी, कारण चढताना नाही तर उतरताना तिच्यावर पाय पडतो. आणखी एक बारीक गोष्ट: शेवटची पायरी राहिलेली असताना जमीन आली असे वाटून मागे पाऊल टाकणारे फार असतात. सर्वांत खालच्या पायरीला लाल चिकटपट्टी गुंडाळावी, पायऱ्या मोजत उतरावे.

वर बघत मान मागे टाकून काम केले, की उतारवयात चक्कर येते. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील आणि पोटात सकाळपासून चहाच असेल, तर अधिकच. निवृत्त गृहस्थांना ‘माणूस कशाला बोलवायचा, मी करतो’ हे म्हणायची फार हौस असते, ती घरच्यांनीच मोडून काढावी.

तारांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण तिथे दुसरी संधी मिळत नाही. ॲल्युमिनियमची वीस फुटी शिडी आडवी असताना कोणाला भीती वाटत नाही. उभी करताना तिचे टोक गरकन वरून फिरते आणि घरावरून गेलेल्या अकरा हजार व्होल्टच्या तारेपाशी जाते. शिडी धरलेल्या सगळ्यांना एकाच वेळी धक्का बसतो. या तारेला शिडी चिकटायलाच हवी असेही नाही, अगदी जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते. शिडीची पूर्ण लांबी धरून तारेपासून चहूबाजूंनी किमान तीन मीटर मोकळे हवेत, नाहीतर तिथे शिडी उभी करू नये. ओला बांबूही वीज वाहतो, त्यामुळे ‘आमची बांबूची आहे’ हे पावसाळ्यात उत्तर होत नाही. विजेच्या कामाला फायबरग्लासची शिडी, आणि तीही कोरडी, स्वच्छ. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांच्या हातात मात्र आजही सर्रास लोखंडी शिडी असते.

बांबूची शिडी वाईट नसते, ती न तपासता वापरणे वाईट. उभ्या बांबूला लांबीत चीर गेली आहे का, पायरीच्या तोंडाशी पिवळसर भुसा पडतो आहे का (म्हणजे आत किडा आहे), काथ्याची बांधणी कुजून सैल झाली आहे का, एखादी पायरी हाताने फिरते का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. सैल पायरी खिळा मारून पक्की करू नये, खिळ्याने बांबू तिथेच फाटतो. लाकडी किंवा बांबूच्या शिडीला कधीही रंग देऊ नये, कारण रंगाखाली चीर दिसत नाही. जवसाचे तेल किंवा पारदर्शक वॉर्निश चालते. जुनी झालेली शिडी करवतीने कापून टाकावी. नुसती कोपऱ्यात उभी केली तर पुढच्या दिवाळीला ती कोणीतरी काढतेच.

कोकणात आणि घाटावर पावसाआधी छपरावर चढणाऱ्यांसाठी एवढेच: सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलेल असे समजू नये. शिडीवरून सरळ पत्र्यावर पाय टाकला, की तो आरपार जातो. खालच्या वाशांवर आडव्या फळ्या टाकून त्यांच्यावरूनच चालावे.

पडलेल्या माणसाला उठवून खुर्चीत बसवणे आणि पाणी पाजणे ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. मणका मोडलेला असेल तर उठवण्यानेच कायमचे अपंगत्व येऊ शकते. आहे तसे पडू द्यावे, मान हलू देऊ नये, १०८ला फोन करावा. शिडी तारेला चिकटली असेल तर माणसाला हात लावू नये, जवळही जाऊ नये. आधी १९१२ला कळवून वीज बंद करून घ्यावी. डोक्याला मार लागून माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी पुढचे दोन दिवस लक्ष ठेवावे. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाटही पाहू नये.

हे सगळे कागदावर नाही असे नव्हे. कारखाने अधिनियम १९४८च्या कलम ३२मध्ये उंचीवरच्या कामाची जबाबदारी मालकावर टाकली होती. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ३६९६ या संहितेचा दुसरा भाग केवळ शिड्यांचा आहे. बांधकाम कामगारांच्या १९९८च्या केंद्रीय नियमांत शिड्यांवर वेगळे प्रकरण होते. परंतु ज्या १९९६च्या कायद्याखाली ते नियम आले, त्यानेच स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम करून घेणाऱ्याला वगळले होते. दिवाळीत तीन खोल्या रंगवायला येणारे दोघे जण नेमके या फटीत पडतात. त्यांच्या शिडीकडे बघणारे कोणी असेल तर ते घरमालकच. काम ठरवताना दर विचारला जातो, कंपनीचा रंग विचारला जातो. शिडी कोणती आणणार, हेही विचारावे. सोसायट्यांनी एक चांगली घडीची शिडी घेऊन ठेवली, तर तिचा खर्च एका फ्रॅक्चरच्या बिलापेक्षा खूपच कमी येतो.

चढायचेच नाही, हा पर्याय आपण विसरत चाललो आहोत. पूर्वी आकाशकंदील उंच काठीला कप्पी आणि दोरी लावून चढवत. वात लावायला, तेल घालायला तो रोज खाली घ्यावाच लागे, त्यामुळे शिडीचा प्रश्नच येत नसे. आता विजेचा दिवा आला आणि कंदील एकदाच टांगून ठेवायचा म्हणून माणूस गॅलरीच्या कठड्यावर चढतो. गॅलरीच्या छताला पन्नास रुपयांची कप्पी एकदा लावून घेतली तर पुढची वीस वर्षे कंदील खालूनच चढतो. आंबा उतरवायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे लांब काठीला लावलेली जाळी, आहेच. जळमटे काढायला आणि पंख्याची पाती पुसायला लांब दांड्याचे ब्रश कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतात.

आपल्या बातमीदारांकडे मागणे छोटे आहे. शिडीवरून पडल्याची बातमी लिहिताना पाच गोष्टी विचाराव्यात. तो किती फुटांवर होता? शिडी कसली होती आणि किती लांब? पाया कशावर आणि भिंतीपासून किती दूर होता? वरचे टोक बांधलेले होते का? वर तार होती का? पोलीस सांगू शकले नाहीत, तर शिडी अजून तिथेच पडलेली असते.

आपले,
बांधकाम आणि कारखाना सुरक्षेचे काम करणारे काही वाचक